पास झालेला अर्ज

लेखन केंद्र म्हणजे नेमकं काय असतं, हे ते अडीच वर्षं चालवूनही मला धड सांगता येत नाही. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

गेवराईच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून टेबलावरून एक कागद माझ्याकडं सरकवला. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि तिच्या लांबलचक यादीत एक ओळ होती : ‘लेखन केंद्र – आहे / नाही.’

“आहे करायचंय,” सर म्हणाले.

“पण सर, ते असतं काय?”

“ते तुम्हीच बघा. लेखन म्हणजे मराठी, आणि मराठी म्हणजे तुम्ही.”

मी म्हटलं, इंग्रजीचे सर काय पाटीवर चित्रं काढतात का? त्यावर ते हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही सिरसाळ्याच्या. तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार?” माझं माहेर काढलं की मी खूश होऊन गप्प बसते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. झालं, पडलं गळ्यात.

ग्रंथालयाला लागून खेळाच्या सामानाची खोली होती, ती मिळाली. मोडका कॅरम दारामागं तसाच राहिला. पेंटरनं पाटी रंगवली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खेड्यातले दोघेजण धोतर सावरत आत आले. खरेदीखत लिहून पाहिजे होतं. पाटीवर लेखन लिहिलंय, म्हणजे इथं लिहून मिळणारच, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी काय समजावणार, कप्पाळ! मलाच काही उमजलेलं नव्हतं.

मग मला छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं एका बाईंनी पुष्कळ काही सांगितलं, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. विद्यार्थ्याच्या हातातलं पेन घ्यायचं नाही. त्याला प्रश्न विचारायचे. लिहायचं त्यानं, आपण फक्त विचारत राहायचं. मला ते लई आवडलं. येताना एसटीत बसून मी तो नियम वहीत तीनदा लिहिला.

ग्रंथालयातल्या मामांना मी तो नियम सांगितला. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर. पुस्तकं काढून देणं हे त्यांचं काम, पण त्यांची खरी ख्याती अर्जाची. तहसीलचा अर्ज, बँकेचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, कुणाची लग्नपत्रिका, कुणाचं श्रद्धांजलीचं पत्रक, सगळं मामांच्या हातचं. लेखन केंद्रात सहायक म्हणून कागदावर त्यांचंच नाव लावलेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची डबी खिशात टाकली आणि म्हणाले, “प्रश्न इचारायला तहसील हाय की, मॅडम. इथं लेकरं कशापायी येतील? त्यांना ल्हून पायजे.”

मामांपाशी एक हिरवी फाईल होती. तिच्यात नमुने. साधेसुधे नाहीत, पास झालेले. म्हणजे ज्या अर्जावर कुणाचा तरी नंबर लागला, कुणाला तरी प्रवेश मिळाला, असा प्रत्येक अर्ज मामांनी जपून ठेवलेला. आमच्या भागात हे पक्कं आहे बघा : जो अर्ज एकदा पास झाला, त्याला गुण असतो. तो जसाच्या तसा उतरवायचा. त्यातला शब्द बदलला की गुण गेला. पोरं-पोरी ती फाईल अशी हाताळायची, की मला वाटायचं आता हिला हळदकुंकू लावायचंच बाकी आहे.

मी ती फाईल कपाटात कोंडली. मामांनी ती परत बाहेर काढली. मी पुन्हा कोंडली. असं आमचं पहिलं वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिसऱ्या वर्षातली एक पोरगी आली. चकलांब्याच्या पलीकडच्या वस्तीवरची. वर्गात कधी हात वर न करणारी, पण पेपरात शेवटच्या ओळीपर्यंत लिहिणारी. पुण्याजवळ एक संस्था आहे, ती खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं ठेवून घेऊन पुढचं शिक्षण देते, राहणं-जेवण फुकट. तिथं अर्जासोबत स्वतःविषयी एक पान लिहायचं होतं. पोरीच्या घरी मेंढरं. तिनं मला सरळ सांगितलं, “नंबर लागला तर पुणं, मॅडम. न्हाई लागला तर दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरांमागं. माझ्या शाळेपायी आई इतके दिवस घरी थांबली. आता शाळा संपली, मग घर कशाला पायजे?”

पान तिनं लिहूनच आणलं होतं. मी नियमानं बसले, पेन तिच्या हातात. हे वाक्य इथं का? हे दोनदा का आलं? परिच्छेद कुठं पाडशील? ती विचार करायची, खोडायची, लिहायची. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, हेच ते लेखन केंद्र, सापडलं एकदाचं. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ‘मी सातवीत असताना वडिलांचे छत्र हरपले.’ मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “घरी आता कोण कोण असतं गं?”

“आई अन् मी.”

“मग हे वाक्य असं मधी का लपवलंस? हे सगळ्यात वर घे.”

तिनं घेतलं.

मे महिना सरता सरता पत्र आलं. पहिल्या निवडीत तिचं नाव होतं. पान फार आवडलं, असं मुद्दाम लिहिलं होतं. संस्थेच्या दोघी बाया सोमवारी येऊन तिला आणि आईला भेटणार, आणि मग पक्कं. प्राचार्यांना तर दोन्ही दंडांना पंख फुटले. समितीही त्याच सुमारास यायची होती. त्यांनी ते पान मोठं करून, प्लास्टिकमध्ये घालून, केंद्राच्या दारावरच्या काचेच्या फलकात लावलं. वर लिहिलं, ‘आमच्या लेखन केंद्राचे यश.’ मामा येता-जाता त्याच्याकडं बघायचे आणि मिशीत हसायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याला माझा नियम पटला.

शुक्रवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. मी कुलूप लावून निघाले, तर फलकापुढं एक माणूस उभा. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, देवळापुढं काढतात तशा.

“बाई, हे माझ्या लेकीनं ल्हेलंय म्हणं. मला वाचाया येत न्हाई. वाचून दावता का?”

“तुम्ही कोण तिचे?”

“बाप.”

मी फलकाकडं बघितलं. सगळ्यात वरची ओळ, मोठ्या अक्षरात, मी स्वतः वर घ्यायला लावलेली. आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा तरी बाप असेल. मग त्याचं नाक बघितलं, कपाळ बघितलं. तिचंच.

आणि मी काय केलं? मी वाचायला लागले. ‘माझे वडील मेंढपाळ आहेत. ते फार कष्टाळू आहेत. ते ऊन-पावसाची पर्वा करत नाहीत...’ चौथीतल्या निबंधाची वाक्यं तोंडातून भडाभडा यायला लागली. दीड वर्ष ज्या बाईनं कुणाचं पेन हातात घेतलं नाही, तिनं उभ्या उभ्या अख्खं पान रचलं.

ते खाली मान घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “मघाशी एका पोरीनं वाचून दावलं. तिनं येगळंच वाचलं. मला वाटलं, तिला नीट वाचता येत न्हाई, म्हून तुमच्यापायी थांबलो. आता तुमीच सांगा बाई, नीट वाचता कुणाला येतं, तिला का तुमाला?”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. शेवटी म्हटलं, “तिला.”

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं. ते म्हणाले, “मी जित्ता असल्यानं तिचं काय अडतंय का? अडत असंल तर तसं सांगा. सोमवारी बाया येणार हायेत ना? मी येत न्हाई हिकडं. नदीच्या अंगाला मेंढरं घेऊन जातो. कुणाला दिसणार न्हाई मी.”

चपला पायात घातल्या आणि निघाले. थांबा म्हणायचंही मला सुचलं नाही.

पोरीला मी लगेच बोलावून घेतलं. आल्या आल्या तिच्यावर तुटून पडले. “अगं भवाने, जिवंत बाप मारलास की! लाज कशी वाटली नाही?” ती घाबरली, पण गोंधळलेली जास्त. तिला खरंच कळेना मी कशावरून ओरडतेय.

“अर्जात तसंच लिव्हत्यात, मॅडम. मामांच्या पास झालेल्या अर्जात तसं हाय.”

“पण ते खोटं आहे ना!”

“अर्ज खरा-खोटा कुठं असतोय? अर्ज पास असतोय न्हाईतर नापास.” आणि मग अगदी हळू म्हणाली, “मी मधी लिव्हलं होतं. तुमीच म्हणलात, वर घे.”

आई अन् मी, हेही तिनं खरंच सांगितलं होतं. दिवाळी ते मिरग, आठ महिने बाप मेंढरांमागं; आता कुठं चार दिवसांपूर्वी परतलेला. मी सगळे प्रश्न विचारले, फक्त ‘हे खरं का’ एवढाच राहिला. तो प्रशिक्षणातल्या वहीत नव्हता.

“तुझ्या आबांनी वाचून घेतलं ते,” मी सांगितलं.

तिचं तोंड पांढरंफटक पडलं. आबा कॉलेजात येतील हे तिच्या गावीही नव्हतं. ती उठून गेली.

मामांना विचारलं तर ते स्टुलावर मटकन बसले. तो अर्ज फार मागं एका विद्यार्थ्याचा होता. त्याचे वडील खरोखर वारलेले. ते पोरगं आता तलाठी आहे. “त्याचा नंबर लागला अन् मग म्या म्हणलं, ह्या अर्जाला गुण हाय,” मामा म्हणाले. मी म्हटलं, “मामा, या फाईलीनं आतापर्यंत किती बाप मारले असतील?” त्यांनी हिशोब केला नाही. हिरवी फाईल मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

प्राचार्यांचं म्हणणं एकदम स्वच्छ. “मॅडम, पास झालेला अर्ज कशाला उसवता? बाप स्वतः म्हणतोय येत नाही. सोमवार निघून गेला की पोरीचं कल्याण होतंय. तुम्हाला काय, खरं बोलल्याचं पुण्य मिळेल, अन् पोरगी जाईल मेंढरांमागं.”

त्यांचं चुकत होतं का? मला अजून नीट सांगता येत नाही. शनिवारी मी संस्थेचा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. रविवारी पुन्हा तेच. एकदा वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय, एका वाक्यानं पोरीचं आयुष्य उभं राहतंय. मग त्या काढून ठेवलेल्या चपला आठवायच्या. भाजीत मीठ दोनदा पडलं. डोकं पार भंजाळून गेलं होतं.

सोमवारी दोघी केंद्राच्या खोलीत आल्या. एक वयस्क, एक तरुण. प्राचार्य शाल-श्रीफळ घेऊन हजर. पोरगी आईला घेऊन बसली होती. सांगायचं की नाही हे मी अजून ठरवलेलंच नव्हतं, तेवढ्यात तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि त्या वयस्क बाईंपुढं धरला. “हे नवं पान हाय. आधीचं परत द्या.”

तो कागद मी पाहिलेला नव्हता. बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. “माझे वडील जिवंत आहेत. आधीच्या अर्जात मी त्यांना मारले, कारण तो अर्ज पास होणारा होता. ते आठ महिने नगरच्या, पुण्याच्या बाजूला लोकांच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवतात. मला त्यांच्या तोंडापेक्षा फोनवरचा आवाज जास्त पाठ आहे...” पुढं बरंच होतं. कुठंही परिच्छेद पाडलेला नव्हता. माझ्या डोळ्याला धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

प्राचार्यांनी शाल मांडीखाली घेतली.

“म्हणजे वडील आहेत तुझे?” बाईंनी विचारलं. “कुठं आहेत?”

“गेटाबाहेर. लिंबाखाली.”

येत नाही म्हणालेला माणूस आला होता. आत पाऊल टाकायचं नाही म्हणून पलीकडं लपून उभा होता. पोरीनं येतानाच बघून ठेवलं होतं. ती धावत गेली आणि हाताला धरून घेऊन आली. त्यांनी दारात चपला काढल्या. सगळ्यांकडं बघितलं. पोरीच्या कागदात काय आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक!

“तुम्ही हिचे वडील का?”

“न्हाई जी,” ते म्हणाले. “मी चुलता. हिचं छत्र हारपलं, ही सातवीत असताना.”

अगदी फलकावरच्या शब्दात. एकदाच ऐकून पाठ केलेलं. पोरीच्या आईनं कपाळावर हात मारला, “अवं, काय बोलताव ह्ये!” पोरगी म्हणाली, “आबा, मी खरं सांगितलंय.” पण ते ऐकेचनात. त्यांना वाटलं, पोरगी घाबरून घोळ घालतेय. “चुलताच हाय जी मी,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगत राहिले.

तरुण बाई कधी कागदाकडं बघे, कधी त्यांच्याकडं. तिला आता नवं पानही खोटं वाटायला लागलं. शेवटी वयस्क बाई माझ्याकडं वळल्या. “मॅडम, केंद्र तुमचं आहे. हे गृहस्थ कोण?”

प्राचार्य माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. दीड वर्ष मी लोकांना प्रश्न विचारत होते, आता पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं.

“वडील,” मी म्हटलं. “सख्खे वडील. मेले ते इथं, या खोलीत. ते वाक्य वर घ्यायला मीच सांगितलं.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी मागितलं, नवं पान पुन्हा एकदा मनात वाचलं. मग म्हणाल्या, हे पान आधीच्यापेक्षा किती तरी चांगलं आहे, पण निवड आधीच्या पानावर झालेली आहे आणि ते खोटं निघालं, तेव्हा यंदाचं नाव रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा भर, कुणाचा राग नाही.

“म्हंजी मी आलो म्हून गेलं?” आबा म्हणाले. “मी न्हाई म्हणलो होतो की. चुलता म्हणलो होतो की मी.”

त्यांना कुणीच समजावू शकलं नाही. पोरगी त्यांचा हात धरून बसून राहिली. त्या दिवशी मी इतकी रडले, की मामांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

प्राचार्य महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. समितीच्या कागदावर ‘आहे’ला टिक झाली. हिरवी फाईल मामांनी स्वतः माझ्या कपाटात आणून ठेवली, आणि आता कुणी अर्जाला आलं की तेच माझ्याआधी विचारतात, “खरं हाय का हे?” पोरं पळून जातात. केंद्रात फार कुणी येत नाही. दिवाळी झाल्यावर पोरगी बोलल्याप्रमाणं मेंढरांमागं गेली.

परवा तिचा फोन आला. अर्ज पुन्हा निघालेत, मोबाईलवर लिहायला घेतलंय, पाठवू का म्हणाली. मी पाठव म्हटलं. मग म्हणाली, “आबाला तुमच्याशी बोलायचंय.”

बराच वेळ खरखर झाली. मग त्यांचा आवाज आला.

“बाई, औंदा मी हाय का न्हाई, ते आधीच सांगून ठिवा. म्हंजी मी तसं वागतो.”

ही चेष्टा होती की खरंच विचारत होते, मला काही कळेना. त्या आवाजावरून अंदाजच लागेना.

“आहात, आबा,” मी म्हटलं. “पहिल्याच ओळीत आहात.”

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत राहिली. मग पोरीचा आवाज आला, “मॅडम, आबाला काय म्हणलात? फोन माझ्या हातात देऊन तिकडं तोंड करून बसलेत.”